सुभेदारांची लाकडी जाळी

गळ टाकून नदीवर बसणाऱ्याच्या पिशवीत मासे साठोत न साठोत, किस्से मात्र साठतात. आमची पिशवी तर किश्शांनीच भरलेली असते, कारण मासे मध्ये येऊन अडचण करत नाहीत!

आम्ही तिघे. मी सांगलीच्या बाजारात हळदीची अडत करतो. तात्या बस चालवून रिटायर झालेले. आणि सुभेदार फौजेतून परत आलेले, हुकूम सोडायची सवय सोबत घेऊन. दर रविवारी आम्ही कृष्णाकाठी बसतो.

एकदा सुभेदारांच्या गळाला चांगला मांडीएवढा कटला मासा लागला. काठापर्यंत आला आणि उचलताना दोरा तुटला. तात्या म्हणाले, "दांड्याची जाळी पायजे हुती. खालनं घातली आन उचलला."

"दुकानात मिळते," मी म्हणालो.

सुभेदारांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शत्रूला रस्ता दाखवला. "म्या फौजेत नदीवर पूल बांधलेत. जाळी इकत आणू व्हय? घरात करणार. लाकडाची!"

आम्ही तिथंच विषय बदलायला हवा होता.

* * *

पहिलं लाकूड सागाचं. जुन्या दाराची पट्टी काढली, गुडघ्यावर धरून वाकवली, आणि काडकन दोन तुकडे!

"सागाला वाकायची सवय न्हाई," सुभेदार म्हणाले. "आमच्या घराण्यागत हाय."

शेवटी शिराळ्याच्या माझ्या मेव्हण्यानं तुतीच्या फांद्या दिल्या. तो रेशमाचे किडे पाळतो. किडे पानं खातात, फांद्या सुभेदारांना. फांद्या आणि सुभेदार, दोन्ही सारखेच चिवट.

* * *

लाकूड वाफेवर मऊ होतं, हे सुभेदारांनी मोबाईलवर बघितलं. मग बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, कुकर घेतला, शिट्टी काढली, तिथं प्लास्टिकचा पाइप जोडला आणि पाइपात तुतीच्या पट्ट्या घातल्या. खाली गॅस फुल!

तासाभरानं बघतो तर पट्ट्या सरळच्या सरळ आणि पाइप मात्र मऊ पडून गोल वाकलेला.

तात्या म्हणाले, "सुभेदार, पाइपाचीच जाळी करा की. आकार लय झ्याक आलाय!"

* * *

दुसऱ्या खेपेला पत्र्याचा पाइप आणला आणि पट्ट्या वाकल्या. तीन पट्ट्या एकावर एक चिकटवून गोल कडं करायचं, त्याला साचा पाहिजे. सुभेदारांनी वहिनींचा माहेरचा तांब्याचा हंडा घेतला, त्याच्या गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळल्या, गोंद लावला आणि गल्लीतले कपड्यांचे सगळे चिमटे गोळा करून लावले. त्या दिवशी गल्लीतली धुणी वाऱ्यावर होती!

सकाळी कडं दगडासारखं पक्कं. पण निघणार कुठून? वर हंड्याचा काठ, खाली हंड्याचं पोट. हंडा गळ्यात हार घालून बसला.

वहिनी बाहेर आल्या. कुकर आधीच गेला होता. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"करवत घ्या आन हंडा मोकळा करा. आन ऐका, ह्या जाळीतनं एक मासा घरात आला तर बरं. न्हाईतर दसऱ्याच्या आंघोळीला जाळी बंबात!"

सुभेदारांनी कडं एका जागी कापलं. मग त्या फटीकडे बघून म्हणाले, "हितंच तर दांडा बसवायचा हुता. समदं प्लॅनिंग हाय." पण चेहरा उतरला होता. बंब म्हणजे बंब, हे नवऱ्याला कळतं.

* * *

जाळं विणताना भोकं केवढी ठेवायची, यावरून तात्या आणि सुभेदार दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी सुभेदार अर्धवट जाळी घेऊन मासळी बाजारात गेले आणि मासे विकणाऱ्या मावशींना म्हणाले, "एक मोठा मासा जरा द्या. मापाला पायजे."

मावशी म्हणाल्या, "काय सायेब, माशाला सदरा शिवताय व्हय?"

* * *

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार. जाळी तयार होती आणि खरंच सांगतो, देखणी होती. तुतीचा पिवळा रंग, सहा हात पॉलिश, दांड्याला फौजेतली हिरवी दोरी. माझ्यासारख्या टवाळाचाही हात तिच्यावरून दोनदा फिरला.

दुपारी सुभेदारांचा गळ खाली गेला. कटला! दोरा ताणला, मासा काठाजवळ आला. तात्या ओरडले, "जाळी घाला! आवं जाळी घाला!"

सुभेदारांनी जाळीकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. मग जाळी माझ्या हातात दिली, गळ तात्यांना दिला आणि बुटासकट नदीत उडी मारली! छातीभर पाण्यात कटल्याला मिठी मारली, दोनदा बुडाले, आणि मासा काठावर फेकला. मग टॉवेलनं कोरडा पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अलगद जाळीत ठेवला.

तशीच वरात घरी. वहिनी दारात उभ्या. सुभेदारांनी जाळी पुढं धरली, "घे. जाळीतनंच आणलाय."

वहिनींनी जाळीला हात लावून बघितला. मग नवऱ्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. बुटातून अजून पाणी गळत होतं.

"जाळी कोरडी," त्या म्हणाल्या, "आन तुमी वले?"

"आगं, पॉलिश लय नाजूक हाय!"