आबांना दाखवल्याशिवाय नाही

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला टाळीवाला म्हणतात. कुठेही शूटिंगला गेला, की कॅमेरा सुरू झाल्याबरोबर हा समोर जाऊन खणखणीत टाळी वाजवतो. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, शाळेचं संमेलन असो, टाळी ठरलेली. एकदा एका सभेत लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, आणि सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष अजून चप्पल काढत होते.

टाळीमागे कारण आहे, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगेन. चित्र कॅमेऱ्यात, आवाज वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. घरी आल्यावर दोघांची मोट बांधायची. दोन हात भिडतात ते चित्र आणि टाळीचा आवाज एकाखाली एक आणले, की पुढे बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द आपोआप जुळतात. यात तो इतका काटेकोर, की जेवताना टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ जरा मागे पडले तरी याचा घास हातातच राहतो. भाजीत मीठ नसलं तर मात्र पत्ता लागत नाही.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान, मधे पडदा, आणि पडद्यामागे त्याचा कॉम्प्युटर. माझी मशीन सुरू झाली की तो हेडफोन चढवतो. एकदा हेडफोन चढला की बाहेर आग लागली तरी साहेबांना कळवायला खांदा हलवावा लागतो. पण काम चोख. कुठलीही फिल्म गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी त्याचा एक नियम आहे, आबांना दाखवल्याशिवाय द्यायची नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म कापडाच्या मागांवर गेला. मागांच्या खडखडाटात तिथल्या सगळ्यांचेच कान जातात, तसे यांचेही गेले. कानात यंत्र घालतात, त्यातून अर्धंमुर्धं येतं, उरलेलं समोरच्याच्या ओठांवरून उचलतात. मागांवर सगळे तसंच बोलायचे, आवाज न काढता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून फिल्ममध्ये ओठ आणि आवाज केसभर जरी हुकले तरी आबा हात वर करतात. कान एक सांगतात, डोळे दुसरंच, आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. नवरा गिऱ्हाइकांना सांगतो, माझ्याकडे तपासणीचं असं यंत्र आहे की ते बाजारात मिळत नाही. आबा हे ऐकून, म्हणजे पाहून, खूश होतात.

धाकटी नणंद जनावरांची डॉक्टर. लहान असताना ती रोज दुपारी आबांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. पोरांना आत सोडत नसत, म्हणून ती काचेच्या खिडकीबाहेर उभी राहून ओठांनीच त्यांना हाक मारायची. यंदा तिने दूरच्या एका गावी स्वतःचा दवाखाना काढला. उद्घाटनाला आबांनी यावं म्हणून तिने किती फोन केले. आबांचं एकच, "गर्दीत मला काही कळत नाही. नुसता बसून राहणार. मग लोक मोठ्याने ओरडून बोलणार. नकोच ते." नवऱ्याचं त्या दिवशी दुसरीकडे शूटिंग ठरलेलं, आणि आबांना एकटं सोडून मी कशी जाणार? गेलं नाही कोणीच. मी त्या दिवशी दोघांशीही धड बोलले नाही.

नणंदेने मग तिच्या मदतनिसाच्या मोबाइलवर उद्घाटनातलं आपलं भाषण चित्रित करून घेतलं. भावाचा लहान रेकॉर्डर तिच्याकडे होता, तो एप्रनच्या खिशाला लावला आणि सुरुवातीला शहाण्यासारखी टाळीही वाजवली. दोन्ही फायली आल्या. नवऱ्याने टाळीला टाळी जुळवली, इकडेतिकडे थोडी काटछाट केली आणि रविवारी सकाळी आबांना खुर्चीत बसवलं.

"आज तपासायचं नाही हं आबा, नुसतं बघायचं. शंभर टक्के जुळलंय," तो म्हणाला, आणि चहा घ्यायला स्वयंपाकघरात आला. मीही कपबशा भरत होते. आम्ही दोघांनीही ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली नाही.

परत आलो तेव्हा आबा कानातलं यंत्र काढून हातात घेऊन बसले होते.

"छान झालंय," ते म्हणाले. उठले, खोलीत गेले, आणि यंत्र खणात ठेवल्याचा आवाज आला.

पुढे त्यांनी ते घातलंच नाही. हाक मारली तर हात हलवून "राहू दे" म्हणायचे. दोन फिल्मा तपासायला आल्या, त्यांनाही नकार. शेवटी मी पाटीवर खडूने लिहून विचारलं, झालंय काय? तेव्हा म्हणाले, "सुरुवातीला तिचं सगळं कळत होतं. मग हळूहळू धूसर व्हायला लागलं. शेवटी तर एक शब्द कळेना. स्वतःच्या पोरीचं बोलणं कळत नाही म्हणजे माझं संपलं. आता यंत्राला बॅटऱ्या घालून काय उपयोग?"

मला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला नवऱ्याचा. पडद्याआड गेले, त्याचा हेडफोन उचलला आणि म्हटलं, "तुझं ते शंभर टक्के शेवटपर्यंत पाहा बरं."

पाहिलं. सुरुवात झकास. मधे ओठ जरासे पुढे. भाषणाच्या शेवटाला नणंद तोंड मिटून उभी, आणि तिचा आवाज आपला बोलतोच आहे. नवऱ्याचा चेहरा असा पडला की मी पुढचं बोलणं गिळलं.

"आवाज पुढे ओढतो," म्हणाला. ओढला. शेवट जुळला, सुरुवात बिघडली. मग त्याने आवाजाचे तुकडे केले आणि एकेक ढकलत बसला. दोन दिवस हेच.

मी बाही जोडत होते. म्हटलं, "वरचं कापड मशीनखाली सरकत जातं तेव्हा सुरुवातीची टाचणी घट्ट असून भागत नाही. शेवटाला बोटभर उरतंच. मी तुकडे करत नाही. कापड का सरकतंय ते बघते."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. म्हणजे त्याला आत्ता सुचलं होतं.

मग त्याने मोबाइलच्या फायलीची माहिती उघडली, आणि कपाळावर हात मारला. त्याचा कॅमेरा सेकंदाला मोजून पंचवीस चित्रं घेतो, दिवस असो की रात्र. हा मोबाइल तीस म्हणायचा, पण उजेड कमी पडला की मनाला येईल तशी कमी घ्यायचा. कॉम्प्युटर बिचारा तीस धरून चाललेला. घेतली होती कमी, दाखवत होता घाईने, म्हणून चित्र आवाजाच्या पुढे पळत होतं. इतकी वर्षं धंद्यात असून त्याने फाईल उघडण्याआधी हे बघितलं नव्हतं, कारण बहिणीची फाईल, घरचीच.

आधी त्याने ती फाईल एकसारख्या वेगाची करून घेतली, चित्र जेव्हाचं तेव्हाच दिसेल अशी. मग पुन्हा टाळीला टाळी. शेवटाला दुसरी टाळी नव्हती, पण भाषण संपवून नणंद एका कुत्र्याच्या पिंजऱ्याची कडी लावते. कडी बसली आणि आवाज आला, अगदी एकाच वेळी. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू कडी त्यानेच घडवली.

पण कडीनंतर नणंद कॅमेऱ्याजवळ येते आणि काहीतरी बोलते. तिथे तिचा आवाजच नव्हता. मागे कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं, खुर्च्या सरकतात, हिचे ओठ हलतात, आणि शब्द नाही. आधीच्या घोळात या जागेवर तिची मागचीच वाक्यं पडत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवरा पुन्हा हादरला. रेकॉर्डरची फाईल तपासली, खिसा रेकॉर्डरवर घासला गेला असेल म्हणाला, आणि शेवटी वैतागून, "कापून टाकतो एवढं. नाहीतरी भाषण संपलेलंच आहे."

"आबांना दाखवल्याशिवाय?" मी विचारलं.

त्याने हात खाली घेतला.

आबा यायला तयार नव्हते. "मला ऐकू येत नाही," म्हणाले. मी पाटीवर लिहिलं, तिथे ऐकायला काही नाहीच, ओठ तेवढे वाचायचेत, आमचं अडलंय. अडलंय म्हटल्यावर मात्र ते उठले. कोणाचं अडलेलं त्यांना बघवत नाही.

खुर्चीत बसले. नवऱ्याने कडीपासून पुढचं लावलं. नणंद जवळ आली, ओठ हलले, फिल्म संपली. आबांनी बोटाने खूण केली, पुन्हा. नवऱ्याने पुन्हा लावलं.

"आवाज गेलेला नाही," आबा म्हणाले. "तिने काढलाच नाही."

"काय म्हणते?" नवऱ्याने विचारलं.

"आबा, डबा आणलाय. बाहेर या."

नवरा उगाच माउस पुसत बसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पोरीने सगळ्या गावासमोर भाषण केलं, आणि शेवटची दोन वाक्यं एकट्या आबांसाठी ठेवली. यंत्र नको, आवाज नको, गर्दीचा प्रश्न नको. आणि आम्ही ती कापणार होतो.

आबांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. या वेळी तिचे ओठ थांबल्यावर यांचे हलले, अगदी थोडे, कॉम्प्युटरकडे बघून. मला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढं वाचता आलं. ते "आलो" म्हणाले होते.

मग उठले, खणातून यंत्र आणलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बॅटरी बघ गं यातली. आणि त्या गावाला गाडी कुठून सुटते, विचारून ठेव."