रेडिओवरच्या आजोबांचं मौन

आमच्या शेजारच्या काकांइतकं हौसेने म्हातारपण भोगलेला माणूस अख्ख्या गिरगावात दुसरा झाला नसेल, आणि तेही ऐन पस्तिशीत. एरवी ते फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते; पण दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर जी कौटुंबिक मालिका लागायची, तिच्यातले आजोबा तेच. रेडिओत माणूस दिसत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. गुरुवारी ते धोतर नेसून, काठी घेऊनच निघत. "पँटीतून म्हातारा आवाज निघत नाही," असं त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं. जिना उतरताना ते कठडा धरून पायरीपायरीला दम घेत, आणि ट्राम दिसली की काठी काखेत मारून धावत सुटत.

मालिकेचा इतिहास त्यांना कुळाच्या वंशावळीसारखा पाठ होता. "पहिली सून लग्न होऊन नागपूरला गेली. दुसरीचे टॉन्सिल काढले. ही तिसरी; रडते झकास, पण कपबशी वाजवायला दिली की हात थरथरतो." मी कॉन्व्हेंटात शिकलेली, चाळीत फारशी बोलत नसे, त्यामुळे काकांना मी आदर्श श्रोता वाटे. तेव्हा मालिका थेटच व्हायची आणि लेखक भारी कडक होता. सून तेवढी बदलून मिळे; बाकी कुणी कलाकार एकदा गैरहजर राहिला की त्याचं पात्र काशीयात्रेला जाई. "थोरला दीर गेला, आत्या गेली," काका आवाज खाली आणून सांगत, "काशीहून आजवर एकही परत आलेला नाही!"

म्हणूनच त्या गुरुवारी सकाळी आमचा मजला हादरला. आदल्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. काका गेले, आणि 'झालाच पाहिजे' म्हणता म्हणता घसा तिथेच ठेवून आले. आता तोंडातून नुसती हवा येत होती.

"अहो, घोषणा तरी आजोबांच्या आवाजात द्यायच्या! जरा बेतानं झालं असतं," ज्येष्ठमध उगाळत काकू म्हणाल्या.

खरं कारण सांगायची सोय नव्हती; रेडिओ सरकारचा. "आइस्क्रीम खाल्लं म्हणून सांगा," माझ्या आईने सुचवलं.

"पंच्याहत्तरीचा म्हातारा आइस्क्रीम खाईल का हो वहिनी?" काका कुजबुजले, आणि काशीला निघाल्यासारखा चेहरा करून गेले.

संध्याकाळी आम्ही सगळे काकूंच्या खोलीत रेडिओपुढे बसलो. बराच वेळ आजोबांचा पत्ता नाही. मग सून म्हणाली, "मामंजी, आज तुमचं मौनव्रत, नाही का?"

"हं," असा घोगरा हुंकार आला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पुढचा सगळा वेळ काकांनी राग, भूक आणि नातवाचं कौतुक केवळ हुंकारांवर आणि काठीवर निभावून नेलं.

काशी टळली. पण श्रोत्यांना ते मौन इतकं आवडलं, की लेखकाने व्रत सोडवलंच नाही. काकांचा घसा आठवड्याभरात बरा झाला; आजोबा मात्र गप्पच. काका तरीही गुरुवारी धोतर नेसत. भिंतीपलीकडून त्यांची तालीम ऐकू येई: संशयी हुंकार, समजूतदार हुंकार, पान खाल्लेला हुंकार.

"भाजीत मीठ बरोबर आहे का, ते मराठीत सांगा!" काकू ओरडत.

पुढे मालिका बंद व्हायची ठरली. शेवटच्या भागाचं शेवटचं वाक्य लेखकाने आजोबांना दिलं. काका हरखून गेले. ते वाक्य त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही, "रेडिओवरच ऐका."

आम्ही ऐकायला बसलो. त्या दिवशी सगळेच कलाकार जरा रेंगाळत बोलत होते, कुणालाच घर सोडवत नव्हतं. शेवटी सारे गप्प झाले, काठी टेकली गेली, आजोबांनी बोलायला श्वास घेतला, तोही आम्हाला ऐकू आला. आणि वेळ संपली. निवेदिकेने बाजारभाव सुरू केले.

काका परतले तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, टोपी खुंटीला लावली. विचारायचं कुणी, हा प्रश्न होता. मी त्यांना कधीच काही विचारलं नव्हतं; पण विचारलं.

"काका, काय होतं ते वाक्य?"

ते थोडे वाकले. मग त्या जुन्या, थकल्या, प्रेमळ आवाजात म्हणाले, "सूनबाई, दार लावून घे. सगळे आले घरी."

आमच्या चाळीत त्या वेळेला कुणी दार लावत नाही. काकू उठल्या, त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडी घातली.