सिनेमातला खोटा मामा

नगरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी सिनेमांवर लिहितो. नोकरी सांभाळून, वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात एकदाच जाणूनबुजून खोटं लिहिलं, आणि तेही मनापासून आवडलेल्या सिनेमाबद्दल.

सिनेमा एका लग्नघराचा. दोन दिवस, एक मांडव आणि त्यात दाटीवाटीनं वावरणारी माणसं. रुखवत मांडताना दोन जावांची धुसफूस, आचाऱ्याच्या मागे मागे फिरणारा नवरीचा बाप, हळदीच्या हातानं मोबाईल उचलणारी नवरी. सगळं इतकं आपल्यातलं, की थेटरात लोक पडद्याशी बोलत होते. आणि मग तो प्रसंग. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्खा मामा रुसतो, येतच नाही. भटजी पुकारतात, "मामा, मुलीला आणा." नवरी मागे वळून बघते. मागं कुणी नसतं. संगीत नाही, रडारड नाही, नुसती ती रिकामी जागा. सगळ्या समीक्षकांनी हा प्रसंग डोक्यावर घेतला, आणि घ्यावा असाच तो आहे.

मी मात्र लिहिलं: बाकी सिनेमा उत्तम, पण हा मामा खोटा वाटतो. पत्रिकेतल्या एका ओळीसाठी भाचीचं लग्न कोण चुकवेल?

रविवारी सकाळीच शेवगावहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, ब्येस लिहिलंस. मी बी परवा पाह्यला. आसा मामा कुठं आसतोय व्हय? तुला तर तवा ताप हुता."

मला ताप नव्हता. तिच्या मुलीच्या लग्नाला मी नवे कपडे घालून शेवगावच्या स्टँडपर्यंत गेलो होतो. खिशात पत्रिका होती. मामांच्या यादीत माझं नाव चौथं, तिन्ही चुलत भावांच्या खाली. सख्खा मामा मी एकटाच. बाकावर बसून ती यादी पुन्हा वाचली आणि परतीच्या एसटीत चढलो. मग फोन करून ताप सांगितला. बहिणीनं तो इतकी वर्षं खरा मानला.

त्या सकाळी तिला सगळं सांगून टाकलं.

"पोरीमागं शेजारच्या तात्याला उभा केला मी," ती म्हणाली. "अन् तिला सांगितलं, मामा तापानं फणफणलाय. आता तिला तूच सांगायचं. मी न्हाई."

भाची नगरलाच असते. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिनं पाणी आणून दिलं. तांब्याला हात न लावता बोलून मोकळा झालो.

"ती यादी मीच लिहून दिली होती, मामा," ती म्हणाली. "वयाप्रमाणं. तुम्ही चौघांत लहान."

हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"एक फोन करून भांडायचं होतं ना माझ्याशी!" तिचा आवाज चढला. "आणि वर पेपरात लिहिता, असा मामा नसतो म्हणून?"

"पुढच्या रविवारी दुरुस्त करतो."

"ते कराच. आधी तीन तिकिटं काढा. आईला बोलावून घेते. तो सीन लागला की मला पडदा नाही, तुमचं तोंड बघायचंय."