पुलावरून पडलेल्या हमालाचं नाव

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. वणीच्या टॉकीजमध्ये रविवारच्या मॅटिनीला एक इंग्रजी पिक्चर लागला होता... आफ्रिकेचं जंगल, हरवलेला खजिना आणि तो शोधायला निघालेले गोरे साहेब. मुकुटबनहून आलेल्या माझ्या आत्याला मी हौसेनं घेऊन गेलो. तिचा जन्मातला पहिलाच पिक्चर.

मी तेव्हा नुकताच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो होतो. इंग्रजी पिक्चर लागला की टॉकीजचा मालक मला मधल्या रांगेत बसवायचा आणि पडद्यावरचं बोलणं मी मोठ्यानं मराठीत सांगत जायचो. खरं सांगतो, अर्धं मलाही कळायचं नाही... पण मास्तर अडला असं कोणी म्हणू नये म्हणून द्यायचो ठोकून.

पिक्चर मात्र जबरदस्त. पैसा नुसता पाण्यासारखा ओतलेला. पडदाभर हत्तींचा कळप धावत आला तेव्हा पुढे खाली बसलेली माणसं मागे सरकली, आणि नदीचा पूर पाहून पैनगंगाकाठची मंडळीही गप्प झाली. फोटोग्राफीला तर आजही मी नाव ठेवणार नाही.

बाकी नावं ठेवायला जागा होती म्हणा. हिरो चार दिवस जंगलात, पण भांग जागच्या जागी. बाई पुरातून निघाली तरी पावडर शाबूत! आणि खजिना सापडल्यावरही अर्धा तास उगाच गोळीबार... किती पाहायचा माणसानं.

पण हे सगळं चालून गेलं असतं.

साहेबांच्या मागे डोक्यावर पेट्या घेतलेल्या हमालांची रांग होती. मध्येच झुलता पूल तुटला आणि त्यातला एक जण पेटीसकट खाली गेला. साहेबांनी वाकून पाहिलं, टोप्या नीट केल्या आणि निघाले पुढे.

तेवढ्यात आत्यानं माझं मनगट धरलं. "बाबू, काय म्हणून राह्यले ते? नाव काय होतं त्याचं?"

इंग्रजांच्या राज्यात आत्याचे यजमान असेच एका साहेबाच्या शिकारीत ओझं वाहायला जंगलात गेले होते. गावकीचं, वेठीचं काम ते, आमच्या लोकांना नाही म्हणायची सोयच नव्हती. साहेब शिकार करून परतला, हे परतलेच नाहीत... काय झालं, कुठे झालं, कोणी एका शब्दानं कळवलं नाही. पुढे आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, गावकी सोडली, पण आत्याचं वाट पाहणं काही सुटलं नाही.

आता तिला काय सांगू? पडद्यावर त्या माणसाबद्दल कोणी एक अक्षर काढलं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगायला लागलो. साहेब म्हणतो, याचं नाव जोसेफ, फार भला माणूस होता... आजच्या आज याच्या बायकोला चिठ्ठी धाडा, तिला सगळं खरं कळवा. माझाच आवाज मला ओळखू येईना. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मनात म्हटलं, चला, निभावलं.

पिक्चर सुटला. स्टँडकडे जाताना ती माझ्या पुढे चालत होती. मग चालता चालता थांबली.

"मले इंग्रजी नाही येत बाबू, पण डोळे हायेत मले. त्यायच्यातल्या कोणाचंच तोंड हाललं नव्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, आता ही रडेल नाहीतर मला चार शब्द सुनावेल...

तिनं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्यायले बोलता नाही आलं, तू बोलला. बरं केलं. इतके वर्ष मी तेवढंच ऐकाले बसली होती."

भर रस्त्यात मी रडलो हो. मास्तर माणूस, समोरून माझ्या शाळेतली पोरं येत होती, तरी रडलो.

आत्या जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या पिक्चरचं नावही आठवत नाही. एवढे हत्ती आणले, नदी आणली, पण मेलेल्या माणसासाठी एक वाक्य लिहावं असं कोणालाच वाटलं नाही... ते खोटं का होईना, आत्याच्या कानावर माझ्या तोंडून पडलं, एवढ्यासाठी मी त्या दुपारचा ऋणी आहे.