प्रतिक्षाचा पत्ता

भंडाऱ्यात लॅबवाल्यांची एक जिल्हा संघटना आहे. एक खोली, एक लोखंडी कपाट आणि रत्नमालाबाई रंगारी, एवढाच तिचा पसारा. अध्यक्ष यादोराव सहीपुरते येतात, बाकी सगळा गाडा बाई ओढतात. कोण कोणत्या लॅबमध्ये, कोण कोणाच्या खोलीत भाड्यानं, कोणाचा रक्तगट काय, सारं बाईंना तोंडपाठ. त्यात बाईंना भारी हौस. सभासदाचा वाढदिवस आला की ग्रुपवर फोटोसकट शुभेच्छा, खाली रक्तगट, फोन, राहता पत्ता. अडीनडीला रक्त लागलं तर माणूस सापडायला नको? सगळे वा वा करायचे. ज्याचा पत्ता त्याला आधी विचारावं, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या शुभेच्छांनी प्रतिक्षाचा जबडा मोडला.

प्रतिक्षा पवनीची. नवरा बंटी रोज हाडं सैल करायचा, म्हणून पळून वरठीला आली, लॅबमध्ये लागली. मार्चात तिचा वाढदिवस आला. बाईंनी केकच्या चित्राखाली पत्ता टाकला आणि पवनीतल्या कोण्या दीडशहाण्यानं तो बंटीला दाखवला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बंटी तिच्या खोलीत घुसला. तिचाच वरवंटा उचलून तिच्याच तोंडावर घातला. शेजारी धावत येईस्तोवर चार दात फरशीवर सांडले होते.

बाई दवाखान्यात भेटायला गेल्या. पोरीला बोलता येत नव्हतं. तिनं मोबाईल काढला आणि शुभेच्छा तेवढ्या समोर धरल्या. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माह्याच हातानं झालं, बाप्पा!" म्हणत त्या बाकावर मटकन बसल्या.

पुढं प्रतिक्षा एकोडी गावच्या लॅबमध्ये लागली. नवा पत्ता बाईंनी रजिस्टरात लिहिला, यादोरावांची सही घेतली आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली. शुभेच्छा कायमच्या बंद. ऑगस्टात जामिनावर सुटलेला बंटी थेट ऑफिसात आला.

"बाई, माही बायको कुठी आहे?"

"मले माहीत आहे. तुले नाही सांगत."

पहिली थापड कानावर बसली. दुसऱ्या थापडीनं चष्मा फुटला. मग त्यानं बाईंचा अंबाडा धरला आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळ फाटलं, रक्त डोळ्यांत ओघळलं. "काहून मरतं तिच्यासाठी, थेरडे?" म्हणत त्यानं किल्ली हिसकली, कपाट उघडलं, दाराच्या कडेवर डावा हात टेकला आणि उजवा रजिस्टराला घातला. बाई टेबल धरून उठल्या आणि सगळा भार टाकून दार लोटलं. बोटं कडाकडा मोडली. बंटी गुरासारखा ओरडला. बाईंनी दार उघडलं आणि पुन्हा लोटलं.

"हे तिच्या दातांचं, मेल्या!"

खालचे दुकानदार धावले, तेव्हा बाई दाराला पाठ लावून उभ्याच होत्या.

ठाण्यात हवालदार लिहायला बसला. बंटी समोरच्याच बाकावर, हाताला फडकं, कान टवकारलेले. यादोराव मदत म्हणून रजिस्टर काखेत मारून आले होते.

"त्या प्रतिक्षाबाईचा आताचा पत्ता सांगा," हवालदार म्हणाला.

"याच्यासमोर नाही सांगत," बाई म्हणाल्या.

"अवं बाई, पोलिसाले काय लपवता?" यादोरावांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "माहीच सही आहे ना. लिवा साहेब, मुक्काम एको..."

बाईंनी अशी सणसणीत ठेवून दिली की अध्यक्षांची टोपी हवालदाराच्या कागदावर जाऊन पडली. बाईंनी रजिस्टर मिटलं आणि मांडीखाली घेऊन बसल्या. टाके घातलेलं कपाळ पुन्हा वाहू लागलं होतं.

"आता लिवा साहेब, अध्यक्षाले मारलं म्हणून. नाव रत्नमाला रंगारी. अन् पत्ता माहा लिवा, पूर्ण लिवा, घर नंबरासकट. मोठ्यानं वाचा. ऐकू द्या त्याले."