दारावरचे फोटो

ऑफिसात त्यांना सगळे पंडित म्हणत. संगणकाच्या एकाच भाषेत त्यांची हयात गेली होती. तिचे कानेकोपरे त्यांना घरच्या फडताळासारखे ठाऊक. वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा आपले गुंते घेऊन त्यांच्याकडे येत. आता साहेबांनी सांगितलं होतं, यापुढे कामाला जी लागेल ती भाषा वापरायची, नाहीतर नोकरी सोडायची. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. पंडितांनी मनातल्या मनात राजीनामा लिहूनही टाकला होता. या वयात पोरासोरांसमोर बाराखडी कोण गिरवणार?

शनिवारी वहिनी आल्या. त्या पाळणाघर चालवत. मागच्या आठवड्यात तिथल्या नव्या बाईंनी एका मुलीला तिच्या आत्याच्या हवाली केलं होतं. आत्या खरीच, पण आईबापांशी तिचं बोलणं नव्हतं. मुलगी सुखरूप घरी आली, वहिनींची झोप मात्र उडाली. दाराशी जुना टॅबलेट होता. मुलाचं नाव दाबलं की त्याला न्यायची मुभा असलेल्यांचे फोटो त्यावर दिसावेत, एवढंच त्यांचं मागणं.

पंडित आपल्या भाषेत कामाला लागले. दुपारपर्यंत आतली मांडणी अशी देखणी झाली की जगातलं कुठलंही पाळणाघर तीत मावलं असतं. फोटो तेवढे यायचे होते. मग कळलं, त्या टॅबलेटवर ही भाषा चालतच नाही. त्यांनी नवा घ्यायला सुचवलं.

"भावजी, चमचा घासत बसलात आणि ताट गार झालं," वहिनी म्हणाल्या. "कशात लिहिलंय ते दाराशी कोण विचारणार?"

पंडितांना ते लागलं. रविवारी मात्र त्यांनी टॅबलेटला चालणारी भाषा उघडली. ठेचकाळत, शोधत, कसंबसं जमवलं. बटणं वाकडी, आतलं लिखाण चारचौघांत दाखवू नये असं.

सोमवारी ऑफिसातून लवकर निघून ते पाळणाघरात गेले. उत्तर अजून दिलं नव्हतं. मुलं एकेक करून घरी जात होती, तेवढ्यात तीच आत्या आली. बाईंनी नाव दाबलं, फोटो पाहिले, पुन्हा आत्याकडे पाहिलं.

"बसा हं. मी तिच्या आईला फोन करते."

मुलगी आत ठोकळे रचत होती.

फोन झाल्यावर बाई पंडितांकडे वळल्या. "फोटो जरा मोठे होतील का? चष्मा शोधावा लागतो."

"उद्या करतो," पंडित म्हणाले. मग मुलांच्या बुटांशेजारच्या बुटक्या बाकावर बसून त्यांनी साहेबांना कळवलं, कामाला लागेल ती भाषा वापरतो. जुने गुंते मात्र माझ्याकडेच पाठवा.