तापल्या चाकाला ठोकळा

मिस्त्रींचा उजवा हात कधी स्वस्थ बसला नाही. जेवताना अंगठा ताटाच्या कडेवरून फिरत राहायचा, जणू कुठे झीज झालीय का ते बघतोय. झोपेतसुद्धा बोटं पांघरुणाचा काठ चाचपायची. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत फक्त ब्रेकचं काम केलं. इंजिनवाले मान ताठ करून चालायचे, कारण गाडी आपल्यामुळे पळते अशी त्यांची समजूत. मिस्त्री त्यांना म्हणायचे, "पळवायला काय, उतारसुद्धा पळवतो. थांबवायला माणूस लागतो."

डेपोत त्यांना हँडब्रेकमामा म्हणत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, चहाच्या सुट्टीत, त्यांच्या हातची एक रिकामी बस कुणाला न विचारता निघाली आणि सावकाश जाऊन कँटीनच्या भिंतीला टेकली. भिंतीपलीकडे आचारी कांदे चिरत होता. त्याला लागलं काही नाही, पण दोन दिवस त्याच्या हातून कांदा चिरला गेला नाही. तेव्हापासून मिस्त्री कुठल्याही उभ्या गाडीजवळून गेले की आत हात घालून हँडब्रेक चाचपायचेच. शेजाऱ्याचा टेम्पो असो की पाहुण्यांची गाडी. बायको म्हणायची, "या माणसाशी लग्न केलं आणि घरसुद्धा हँडब्रेकवर लागलं."

लेकीचा हात बापाचाच होता, फक्त कामाला दुसरीकडे लागला. ती कवळ्या घडवायच्या कामावर होती. केसाएवढा उंचवटा राहिला तर म्हाताऱ्याच्या हिरडीला टोचतो, म्हणून तिचं बोट डोळ्यापेक्षा जास्त बघायचं. तिच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती. रोज कामावर जायची तीच गाडी आणि तेच टायर घेऊन ती महिन्यातून एका रविवारी ट्रॅकवर जायची. तिथे शर्यत नसते, बक्षीस नसतं. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी मनासारखी पळवायची. बापाला हे कळायचं नाही. पण लेक तिथून आली की तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते त्यांना कळायचं, म्हणून ते अडवत नसत.

अशाच एका रविवारी ती जेवताना सहज बोलून गेली. "आज गंमत झाली बाबा. पाचव्या फेरीला ब्रेक दाबला तर पेडल पार खाली. गाडी वळणाबाहेर गवतात."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "गंमत?"

"गवत होतं ना. भिंत लांब होती."

त्यांनी ताट सरकवलं आणि उजेड होता तोवर चाकं काढली. ब्रेकचे पॅड हातात घेतले तर वरून काचेसारखे चकाकत होते, कडा राखेसारख्या पांढऱ्या, नखाने उकरल्या तर भुगा. ब्रेक ऑइल काळंभोर. ते पॅड त्यांनी खिशात टाकले आणि पुढचे चार दिवस खिशातच वागवले. डेपोत काम करताना मधेच काढून बघायचे, वास घ्यायचे, परत ठेवायचे.

"ट्रॅकवरचे सगळे जण शर्यतीचे पॅड लावतात," लेक म्हणाली. "त्यांचं गॅरेज आहे. ते सगळं करून देतात."

"मी काय मेलोय?"

"तुम्ही बसचे आहात बाबा."

हे मात्र लागलं. ते पॅड खिशात टाकून उठले, तशी लेकच नरमली. "बरं. या वेळी तुमच्या मनासारखं करा. पण पुन्हा ब्रेकने दगा दिला तर गाडी मी त्यांच्याकडे देणार. मग रुसायचं नाही."

मिस्त्रींच्या मेहुण्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. बहिणीच्या नवऱ्याला बघताच त्याने काउंटरवर दोन खोकी आपटली, एक पिवळं, एक करडं.

"करडं न्या भावोजी. शर्यतीचं. आग लागली तरी पकड सोडणार नाही."

"आणि थंड असताना?"

"थंड असताना कोण ट्रॅकवर जातं?"

"ट्रॅकवर जायला घरून निघावं लागतं की नाही? सकाळी पहिल्याच चौकात समोर सायकलवाला आला तर त्याला काय सांगायचं? थांब रे बाबा, पॅड तापू देत?"

मेहुणा हसला. "मग पिवळं न्या. रोजचं आहे, गुणी आहे."

मिस्त्रींनी खिशातला जळका पॅड काढून पिवळ्या खोक्यावर ठेवला. "हा त्याच घरचा. पाच फेऱ्यांत याचं हे झालं."

"तुमचं म्हणजे असं झालं भावोजी, जावई पाहिजे पण दाढी नको, टक्कलही नको."

मिस्त्री काउंटरवर अंगठा घासत राहिले. डोक्यात एकच विचार फिरत होता. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. लेकीचे टायर रोजचे, त्यांची पकड बेताची. फार कडक पॅड लावला तर चाक अडकेल, टायर घसरेल, आणि पॅड तापायचा तेवढा तापणारच नाही. तापला नाही तर त्याचा गुण दिसणार कसा? बैलाला हत्तीचा साखळदंड घालून काय उपयोग. तिला असा पॅड हवा होता जो सकाळी थंड चौकात पहिल्या दाबाला धरेल आणि दुपारी आठव्या फेरीलाही सोडणार नाही. आणि पुढे-मागे एकाच जातीचा. मागे जास्त कडक लावला तर गाडीची शेपूट पुढे येते.

"मधलं दाखव," ते म्हणाले.

मेहुण्याने शिडी लावली आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेलं निळं खोकं काढलं. "हे कुणी मागत नाही. शर्यतवाल्यांना मऊ वाटतं, बाकीच्यांना महाग."

"कुणी मागत नाही म्हणून वाईट होत नाही. तुझ्या बहिणीलाही फार स्थळं आली नव्हती."

निळं खोकं घरी आलं. मिस्त्रींनी चारी चाकांचे पॅड बदलले, पॅड ज्यांना चिमटीत धरतात त्या चाकांच्या डिस्क घासल्या, चांगल्यातलं नवं ऑइल भरलं. मग लेकीला शेजारी बसवून गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर पॅड बसवून घेतले. वेग धरायचा, जोरात दाबायचं, पण पूर्ण थांबायचं नाही. असं दहा वेळा. मग कुठेही न दाबता गाडी वाऱ्यावर थंड होऊ द्यायची. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढला की दोघांचं जमतं.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "ट्रॅकवरून आलीस की शेवटची फेरी सावकाश मार. आणि तापल्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही. या गाडीत तो मागचेच पॅड दाबतो. गरम पॅड एका जागी दाबून राहिला की डिस्कवर डाग पडतो. मग गाडी थरथरते." त्यांनी सागाचे दोन ठोकळे तिच्या हातात दिले. स्वतः कापलेले, कडा घासलेले. "हे चाकाखाली."

"हँडब्रेक ओढू नको, हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतोय."

पुढच्या महिन्यात ट्रॅकच्या रविवारी ते बरोबर गेले. जायचं नव्हतं, पण घरी राहणंही जमेना. लेक ट्रॅकवर गेली की ते कठड्याला धरून उभे राहायचे. पाच मिनिटांत दुसऱ्या कठड्याला जायचे. लांबच्या सरळ रस्त्याच्या टोकाला गाड्या ब्रेक मारायच्या, तिथला प्रत्येक आवाज त्यांच्या छातीत वाजायचा. शर्यतीच्या पॅडची किंचाळी वेगळी, जळणाऱ्याची घरघर वेगळी. लेकीची गाडी तिथे नुसती श्वास सोडल्यासारखी मंद व्हायची. वीस मिनिटांची पहिली पाळी झाली, दुसरी झाली. दर वेळी लेक काच खाली करून म्हणायची, "पेडल दगडासारखं आहे बाबा." ते मान हलवायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. एका जागी उभं राहिलं तर काहीतरी घडेल असं वाटत होतं.

तिसऱ्या पाळीत कुणाची तरी गाडी खडीत रुतली. लाल झेंडे निघाले, सगळ्यांना लगेच आत बोलावलं. सावकाश फेरी मारायला वेळच मिळाला नाही. लेक तापलेली गाडी घेऊन आली, एक ठोकळा चाकाखाली कसाबसा सरकवला आणि सगळ्यांना काही सांगायला बोलावलं होतं तिकडे धावली. जागेला थोडा उतार होता. ठोकळा तिरपा बसलेला. गाडी बोटभर पुढे सरकली.

मिस्त्रींना कँटीनची भिंत दिसली. दार उघडून हात आत कधी गेला हे त्यांना कळलंच नाही. कर्रकन् आवाज झाला. मग ते समाधानाने पाणी प्यायला गेले. येऊन बघतात तर पाळी पुन्हा सुरू झालेली, लेक घाईत, सवयीनेच हँडब्रेक सोडून गाडी काढत होती, आणि आपण काय केलं ते त्यांना आत्ता उमगलं. हाक मारेपर्यंत ती वळणापलीकडे गेली.

दोन फेऱ्यांत परत आली. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा उतरलेला.

"सीटखालून थरथरतंय. दाबलं की नुसतं थडथड. पॅड चुकले बाबा."

शेजारी उभा असलेला ट्रॅकवरचा शिकवणारा म्हणाला, "मधले पॅड असेच. ना इकडचे ना तिकडचे."

मिस्त्रींना गप्प बसता आलं असतं. पॅडवर ढकलायचं, मेहुण्याला चार शिव्या द्यायच्या, काम संपलं. लेक गाडी त्या गॅरेजला देणार हे तर दोन्हीकडून दिसत होतं. खिशातला हात काही वेळ खिशातच चुळबुळत राहिला.

"पॅड चुकले नाहीत," ते म्हणाले. "मी चुकलो. तू तिकडे गेलीस तेव्हा मी हँडब्रेक ओढला."

लेक बघतच राहिली. "तुम्ही?"

"गाडी सरकली."

"किती वेळ होता?"

"दहा मिनिटं असेल."

तिने हेल्मेट सीटवर टाकलं.  मिस्त्रींनी जॅक लावला, मागचं चाक काढलं, डिस्क हात लावण्याइतकी निवेपर्यंत समोर उकिडवे बसून राहिले. मग अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. काही लागेना. एकतीस वर्षांच्या ग्रीसने त्वचेचं चामडं झालं होतं.

"सरका," लेक म्हणाली. तिने मधलं बोट डिस्कवर ठेवलं, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने डिस्क हळूच फिरवली. "इथे. इथून इथपर्यंत. कवळीवर मेण राहतं ना, तसं."

तिने खडूने खूण केली. मिस्त्रींनी पॉलिश पेपर काढला आणि घासायला लागले. ती मधेमधे बोट लावायची. "अजून." ते घासायचे. "अजून थोडं." पॅडची वरची बाजूही घासली. मग दुसरं चाक. शिकवणारा थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

शेवटच्या पाळीची शिट्टी झाली. "जाऊ नकोस," मिस्त्री म्हणाले.

"बसचे आहात ना तुम्ही? मग एवढं काय घाबरता," लेक म्हणाली, आणि गेली.

पहिल्या दोन फेऱ्या तिने जपून, दाबून-सोडून मारल्या, पॅड पुन्हा बसवून घेतले. मग वेग वाढला. मिस्त्री मोजत राहिले. सहावी, सातवी. आठव्या फेरीला सरळ रस्त्याच्या टोकाला तोच सोडलेला श्वास ऐकू आला. शेवटची फेरी तिने इतकी सावकाश मारली की मागचे दोघे हॉर्न वाजवून पुढे गेले.

परत येताच मिस्त्री ठोकळे घेऊन धावले आणि दोन्ही चाकांखाली पायाने ठोकून बसवले. मग दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन उभे राहिले.

घरी यायला संध्याकाळ झाली. पहिल्याच चौकात एक कुत्रं आडवं आलं, आणि गाडी मुकाट्याने थांबली. अंगणात लेकीने इंजिन बंद केलं. मिस्त्री मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले होते. अंगठा गुडघ्यावर घासत होता.

लेक खाली उतरली, मागच्या चाकाच्या फटीतून डिस्कला बोट लावलं, आणि खिडकीत वाकली.

"निवली," ती म्हणाली. "ओढा आता."